रिकामा चौकोन

फॉर्ममधला एकही चौकोन रिकामा ठेवायचा नाही, हा तिचा नियम होता आणि तो ती चांगलीच पोळून शिकली होती. या देशात नवऱ्याकडे येण्यासाठी तिनं पहिला अर्ज केला, तेव्हा त्यात एके ठिकाणी विचारलं होतं की तुम्ही आणखी कुठल्या नावानं ओळखल्या जाता का. आणखी कुठलं नाव असणार? लहानपणी आजोबा लाडानं काहीतरी म्हणायचे, पण ते काय सरकारला सांगायचं असतं? तिनं तो चौकोन कोरा ठेवला. चार महिन्यांनी सगळा गठ्ठा परत आला, वर दोन शब्दांची चिठ्ठी: अर्ज अपूर्ण. पुन्हा भरून, पुन्हा रांगेत लागून मंजुरी यायला अकरा महिने गेले. तेवढ्यात तिकडे लेक जन्माला आली, उपडी पडायला लागली, रांगायला लागली, आणि इकडे बाप फोटो बघत बसला. शेवटी विमानतळावर त्यानं हात पुढे केले तेव्हा त्या नऊ महिन्यांच्या पोरीनं असा गळा काढला की येणारे-जाणारे थांबून बघायला लागले. पुढचा आठवडाभर ती त्याच्याकडे गेली नाही.

तेव्हापासून तिनं कानाला खडा लावला. फॉर्म कसलाही असो, शाळेचा, दवाखान्याचा, गॅसच्या जोडणीचा, ती काळ्या पेननं, एकसारख्या अक्षरात, पहिल्या चौकोनापासून शेवटच्यापर्यंत भरायची. जिथं लिहिण्यासारखं काही नसेल तिथं 'लागू नाही' असं लिहायची, पण कोरी जागा सोडायची नाही. नवरा तिला चौकोनबाई म्हणायचा. त्यानं ते नाव इमारतीत कुणापुढे तरी घेतलं आणि मग काय, रविवारी सकाळी लोक आपापले फॉर्म घेऊन तिच्या दारात यायला लागले. तिनं भरलेला एकही फॉर्म आजवर परत आला नव्हता, आणि याचा तिला अभिमान होता. आठवडाभर इस्पितळाच्या कपडाघरात चादरींच्या घड्या घालणाऱ्या बाईला अभिमान वाटावा असं दुसरं काही फारसं हाताशी नसतं.

तिचा आणखी एक नियम होता, तो तिनं कुणाला सांगितला नव्हता. 'हो' आणि 'नाही' असे दोनच चौकोन असले आणि मनात शंका आली, तर 'हो'वर खूण करायची. कारण 'नाही'च्या पुढे हमखास शेपूट असतं. 'नाही' असल्यास कारण द्या, 'नाही' असल्यास पुरावा जोडा, 'नाही' असल्यास अमुक खिडकीवर भेटा. 'हो'ला कुणी कारण विचारत नाही. हे तिचं निरीक्षण होतं आणि ते बरोबर होतं. त्यातच तिचा घात झाला.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. कामात वाघ, पण कागद दिसला की शेळी. बोलायला तिथली भाषा त्याला उत्तम यायची. इतकी, की कंपनीतल्या मुकादमाशी तो त्या भाषेत भांडूही शकायचा. पण वाचणं म्हटलं की त्याची नजर इकडेतिकडे जायची. आपल्या भाषेतलं वर्तमानपत्र तो बोट फिरवत वाचायचा, तिथल्या भाषेतलं फक्त लिफ्टच्या पेटीतलं, म्हणजे आकडे आणि चार-सहा शब्द. घरी पाकीट आलं की तो ते न उघडता जेवणाच्या टेबलावरून तिच्याकडे सरकवायचा. ती सांगेल तिथं सही करायचा. "तू भरलंयस ना? मग बघायचं काय," म्हणायचा. बारा-तेरा वर्षांत त्यानं सही करण्याआधी एकदाही वर काय लिहिलंय ते विचारलं नव्हतं. लिफ्टच्या दोरावर ठेवायचा तसा तिच्यावर विश्वास ठेवून तो मोकळा व्हायचा.

सहा वर्षांपूर्वी कंपनीनं त्याला सामान वाहायची गाडी दिली आणि त्यासाठी परवाना काढायला दोघं परिवहन कार्यालयात गेली. हा दिवस तिला नंतर इतक्यांदा आठवला की तिथल्या फरशीचा रंगही तिच्या डोळ्यांपुढून हलेना. फॉर्म चार पानी होता. शेवटच्या पानावर मतदार यादीत नाव घालण्याचा भाग होता आणि त्याच्या सुरुवातीला प्रश्न: तुम्ही या देशाचे नागरिक आहात का? हो, नाही. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की नसल्यास हा भाग भरू नये आणि कागदपत्रांसह सात नंबरच्या खिडकीवर भेटावे.

तिला शंका आली नाही असं नाही. ती आली, आणि तिनं ती विचारलीही. खिडकीतल्या माणसाला तिनं नवऱ्याचं कायम वास्तव्याचं कार्ड दाखवलं आणि म्हणाली की हा भाग आम्हाला लागतो का. त्या गृहस्थानं मान वर न करता सांगितलं, "कायमचे आहात ना? मग सगळं भरा, उगाच परत पाठवायला लावू नका." परत पाठवणे हे शब्द कानावर पडले आणि तिला ते अकरा महिने आठवले. सात नंबरच्या खिडकीवर 'जेवणाची सुट्टी' अशी पाटी होती. नवऱ्याचा फोन सारखा वाजत होता, कारण कुठल्याशा इमारतीत पाचव्या मजल्यावर एक म्हातारी लिफ्टमध्ये अडकली होती. तो म्हणाला, "अगं, आटप ना." तिनं 'हो'वर खूण केली. त्यानं उभ्या उभ्या सही ठोकली आणि तो त्या म्हातारीला सोडवायला धावला.

दीड महिन्यानं टपालानं मतदार कार्ड आलं. त्यानं ते पाकीट आयुष्यात पहिल्यांदा स्वतः उघडलं, कारण आत काहीतरी कडक हाताला लागत होतं. मग कितीतरी वेळ तो ते कार्ड उलटसुलट करून बघत राहिला. तिकडे, गावाकडे, त्याचं नाव यादीत कधी आलंच नव्हतं. कामाच्या मागे सतत घरं बदलणाऱ्या बापाचा तो मुलगा. दर वेळी यादी आली की यांची बिऱ्हाडं हललेली असायची. आणि इथं, परक्या देशात, कुणीतरी त्याचं नाव छापून घरपोच पाठवलं होतं. त्यानं तीन वेळा मत दिलं. तिन्ही वेळा तो इस्त्रीचा शर्ट घालून, कामावरून दोन तासांची रजा काढून गेला. लेक त्याची थट्टा करायची की बाबा, तू लग्नाला निघालायस का. तो म्हणायचा, लग्नाला तरी एवढं कोण विचारतं मला.

पुढे त्यांनी नागरिकत्वासाठी अर्ज केले. एकाचं जरी काम झालं तरी अठराच्या आतल्या लेकीला ते आपोआप मिळणार होतं, म्हणून घाई होती. अर्जात एक प्रश्न होता की तुम्ही इथं कधी मतदान केलं आहे का. नवऱ्याच्या अर्जात तिनं 'हो'वर खूण केली. तिच्या स्वतःच्या अर्जात मात्र 'नाही' लिहावं लागलं आणि तिला ओशाळल्यासारखं झालं. कर्तव्यात कमी पडलो असं नको दिसायला, म्हणून तिनं वेगळा कागद जोडला. त्यात लिहिलं की अर्जदारास गाडी चालवता येत नसल्यामुळे परवाना नाही, परवान्याअभावी मतदार कार्ड नाही, परंतु मतदान करण्याची मनापासून इच्छा आहे. खाली सही केली आणि तारीख घातली.

मुलाखतीला दोघं एकाच दिवशी गेली. आधी त्याला आत बोलावलं. दाराला उभी काचेची पट्टी होती, तिच्यातून तिला त्याची पाठ आणि अधिकारी बाईंचा चेहरा दिसत होता. चेहरा हसरा होता. काहीतरी विचारलं गेलं आणि त्यानं छातीवरच्या खिशातून ते कार्ड काढून टेबलावर ठेवलं. बाईंचं हसू तिथंच थांबलं. त्यांनी पुन्हा काहीतरी विचारलं आणि त्यानं तीन बोटं वर केली. बाहेर बाकावर बसलेल्या तिला ती तीन बोटं पाहून बरं वाटलं. चांगलं चाललंय, असं ती मनाशी म्हणाली. या क्षणाबद्दल ती स्वतःला कधीच माफ करू शकली नाही. त्यानंतर बाई उठून आतल्या खोलीत गेल्या, बराच वेळ आल्या नाहीत, आणि आल्या तेव्हा त्यांनी कार्ड एका पाकिटात घालून ते बंद केलं. तिला सांगण्यात आलं की तुमची मुलाखत आज नाही, तारीख कळवू.

कळवलं ते भलतंच. नवऱ्याचा अर्ज नामंजूर, आणि सोबत त्याला देशाबाहेर का काढू नये अशी नोटीस. नोटिशीत दोन कारणं होती. एक, नागरिक नसताना नागरिक असल्याचं लेखी सांगितलं. दोन, हक्क नसताना मतदान केलं. तिनं ती नोटीस स्वयंपाकघरात उभ्यानं वाचली. नवरा विचारत होता की काय आलंय. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिनं त्याला कागदावरचं चटकन सांगितलं नाही.

वकीलबाई वयानं लहान होत्या, पण उगाच गोड बोलणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी दोघांना समोर बसवून सगळं उलगडून सांगितलं. हा माणूस चोरी करून आला असता, तर माफीचा अर्ज करता आला असता. मारामारी केली असती, दारू पिऊन गाडी ठोकली असती, तरी शिक्षा भोगून झाल्यावर बाजू मांडता आली असती. त्या सगळ्यासाठी कायद्यात कुठं ना कुठं सवलतीचं कलम आहे. पण मी इथला नागरिक आहे असं खोटं सांगणं, याला माफीचं कलमच नाही. हेतू बघत नाहीत, कुटुंब बघत नाहीत, किती वर्षं राहिलात ते बघत नाहीत. एकदा हे कारण लागलं की माणूस बाहेर जातो आणि त्याला परत येण्याची तारीख नसते. मग त्यांनी तिचा तो 'मतदानाची मनापासून इच्छा आहे'वाला कागद वाचला, चष्मा काढला आणि तो टेबलावर पालथा ठेवला.

एकच बारीक फट आहे, असं त्या शेवटी म्हणाल्या. त्या फॉर्मवरची खूण त्यानं केली नाही, त्याला ते वाचताच येत नव्हतं आणि तो न वाचता सही करतो, हे सिद्ध झालं तर जाणूनबुजून खोटं सांगितलं असं होत नाही, आणि कार्ड घरी आलं म्हणून दिलेली मतंही गैरसमजात मोडतात. पण मग खूण कुणी केली हे विचारतील. तिचं नाव निघालं की तिला शपथेवर बोलावतील. आणि दुसऱ्याला अशा कामात मदत करणं हेसुद्धा कायद्यात कारण आहे, त्याच पानावर, त्याच्या खालीच. तिला तीच नोटीस मिळू शकते. दोघांना मिळाली तर लेकीचं इथं कुणीच उरत नाही. ती जन्मली तिकडे, तिचे कागद आई-बापाच्या कागदांवर टांगलेले. तिलाही जावं लागेल. ज्या देशातून ती नऊ महिन्यांची असताना निघाली, तिथं ती तेरा-चौदाव्या वर्षी नव्यानं उतरेल.

"फट आहे, पण एक जाईल की तिघं जाल हे मी सांगू शकत नाही," वकीलबाई म्हणाल्या. "ते तुम्ही ठरवा. मला फक्त खोटं बोलायला सांगू नका."

तिनं तिथल्या तिथं ठरवलं. खूण तिची होती, ती खरं सांगणार होती, मग जे व्हायचं ते होऊ दे. जिन्यावरून उतरताना तिनं नवऱ्याला तसं सांगितलं. तो "बघू" म्हणाला. त्यांच्या घरात 'बघू'चा अर्थ काय होतो हे तिला ठाऊक असायला हवं होतं. लेकीला सायकल बघू, यंदा गावी जायचं बघू. पण माणसाला ऐकायचं असतं तेच ऐकू येतं, आणि तिला 'हो' ऐकू आलं.

सुनावणीला पाच आठवडे होते. त्या पाच आठवड्यांत नवरा संध्याकाळी जेवण झालं की लेकीच्या खोलीत जाऊन बसायला लागला. दार लोटलेलं असायचं. आतून त्याचा अडखळणारा आवाज यायचा आणि मग लेकीचा, शिक्षिकेसारखा, "परत वाच." तिनं विचारलं तर लेक म्हणाली, "बाबा वाचायला शिकतोय." तिला वाटलं, आता सगळं हातातून चाललंय तर या माणसाला निदान आपले कागद आपल्याला कळावेत असं वाटायला लागलंय. तिनं त्याला त्रास दिला नाही. एकदा भाजी चिरताना तिच्या कानावर तेच वाक्य आठ-दहा वेळा आलं, पण पाण्याचा नळ सुरू होता आणि शब्द नीट लागले नाहीत.

मधल्या एका रविवारी तो त्यांच्याच इमारतीच्या लिफ्टच्या खड्ड्यात उतरला. त्या लिफ्टचं कंत्राट दुसऱ्याच कंपनीकडे होतं. ती तिसऱ्या मजल्यावर नेहमी अर्धा इंच वर थांबायची आणि समोरच्या आजी दर वेळी ठेचकाळायच्या. सहा वर्षं तो म्हणत होता की मला हात लावू द्या. त्या दिवशी त्यानं कुणाला न विचारता हात लावला आणि संध्याकाळी ग्रीसनं माखून वर आला. आजींना त्यानं चार वेळा वर-खाली नेऊन आणलं. तेव्हाच तिच्या लक्षात यायला हवं होतं. जो माणूस राहणार असतो, तो अशी कामं पुढच्या रविवारवर टाकतो.

सुनावणीची खोली लहान होती, शाळेच्या मुख्याध्यापकाच्या खोलीएवढी. मागे दोन बाकं होती, त्यांवर ती आणि लेक. शाळा बुडवून येऊ नकोस, असं ती लेकीला म्हणाली होती, पण लेकीनं ऐकलं नाही. समोर न्यायाधीश, एका बाजूला वकीलबाई आणि तो, दुसऱ्या बाजूला सर्दीनं बेजार झालेला सरकारी वकील, दर दोन वाक्यांनी रुमाल नाकाला लावणारा. त्या माणसाचा राग यावा असंही काही नव्हतं. तो आपलं काम उरकत होता. तिनं आपलं वाक्य तिथल्या भाषेत पाठ करून ठेवलं होतं: ती खूण मी केली, त्यांना वाचता येत नाही. त्यानं तिचं नाव घेतलं की तिला पुढे बोलावणार होते. ती त्या नावाची वाट बघत बसली.

न्यायाधीशांनी विचारलं, दुभाषी हवा का. त्यानं नको म्हटलं. सरकारी वकिलानं तो जुना चार पानी फॉर्म त्याच्यापुढे ठेवला आणि तुमचीच सही का, असं विचारलं. त्यानं हो म्हटलं. मग शेवटचं पान उघडून वकील म्हणाला की हा प्रश्न मोठ्यानं वाचून दाखवू शकाल का.

त्यानं बोट ठेवलं आणि वाचलं. एकदाही न अडखळता वाचलं. तुम्ही या देशाचे नागरिक आहात का, नसल्यास हा भाग भरू नये, कागदपत्रांसह सात नंबरच्या खिडकीवर भेटावे. तिथंही तो थांबला नाही. सहीच्या वरची बारीक ओळसुद्धा त्यानं वाचून टाकली, की वरील सर्व मजकूर मी स्वतः वाचला असून तो खरा आहे. नळाच्या आवाजात हरवलेलं ते वाक्य हेच होतं. तिनं लेकीकडे पाहिलं. लेक समोर बघत होती, ओठ घट्ट मिटून, आणि बापाच्या बरोबरीनं तिची मान शब्दागणिक किंचित हलत होती.

"ही खूण कोणी केली?" सरकारी वकिलानं विचारलं.

"मी."

"प्रश्न कळला होता?"

"कळला होता."

"तुम्ही नागरिक नाही हे तेव्हा माहीत होतं?"

"माहीत होतं."

वकीलबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. त्यांनी या गृहस्थाला खरं काय ते सांगायला बजावलं होतं आणि आता त्यांच्या हातात काही उरलं नव्हतं. न्यायाधीशांनी पहिल्यांदाच मान वर केली आणि विचारलं, मग 'हो' का लिहिलंत?

याचं उत्तर त्यानं पाठ केलं नव्हतं.

"मला व्हायचं होतं," तो म्हणाला. "म्हणून."

न्यायाधीशांनी ते लिहून घेतलं.

ती उठू शकली असती. हे नीट सांगायला हवं, कारण पुढे लोकांनी तिची समजूत घालताना म्हटलं की तुझ्या हातात काय होतं. तिच्या हातात होतं. कुणी तिला धरलं नव्हतं. पाठ केलेलं वाक्य जिभेवर होतं आणि उठून ते म्हणायला चार श्वास लागले असते. ती अर्धवट उठलीसुद्धा. बाकाचा आवाज झाला, त्यानं वळून पाहिलं. रागानं नाही, विनवणीनं नाही, नुसतं पाहिलं, आणि मग त्याची नजर तिच्या शेजारी बसलेल्या लेकीवर गेली आणि तिथंच राहिली. ती खाली बसली. लाजेनं तिचं अंग तापलं, आणि त्या लाजेच्या खाली, अगदी तळाशी, लेक वाचली याचं समाधान होतं. त्या समाधानाची तिला जास्त लाज वाटली.

निकाल त्याच दिवशी सांगितला. न्यायाधीश म्हणाले की या गृहस्थांनी प्रामाणिकपणे सगळं कबूल केलं, त्यांना वाचता उत्तम येतं, त्यामुळे गैरसमजाचा प्रश्नच उरत नाही. कायद्यानं न्यायालयाला दुसरा पर्याय दिलेला नाही. कोठडीत न ठेवता स्वतःहून निघायला तीस दिवस दिले, तेवढी त्यांची कृपा.

घरी आल्यावर तिनं फक्त एकदा तोंड उघडलं. "खोटं बोललात तुम्ही."

"एवढ्या वर्षांत एकदाच," तो म्हणाला, आणि बूट काढायला खाली वाकला.

आणि तेवढंच एक न्यायालयानं खरं मानलं. त्यानं इमानानं दिलेली तीन मतं गुन्हा ठरली, तिनं विचारून केलेली खूण गुन्हा ठरली, खिशातून अभिमानानं काढलेलं कार्ड पुरावा ठरलं. शपथेवर बोललेलं एकुलतं एक खोटं मात्र प्रामाणिकपणा म्हणून कागदावर चढलं. वर बसून कुणी हे ठरवत असेल तर त्याचं डोकं ठिकाणावर नसावं, असं तिला वाटलं.

ते तीस दिवस कसे गेले ते सांगण्यासारखं नाही. लोक रविवारी दारात यायचे थांबले. काही संकोचानं, काही तिच्या हाताचं भय वाटून. आधी भरून दिलेले किती फॉर्म कुणाकुणाच्या घरात आहेत, कुठे कुठे आपण शंका आली म्हणून 'हो' केलं, हे ती अंथरुणात पडल्या पडल्या आठवत राहायची. समोरच्या आजी एकदा लिफ्टमध्ये भेटल्या आणि म्हणाल्या, आता अगदी सपाट थांबते हो.

विमान दुपारचं होतं. त्याच्याबरोबर एक अधिकारी नेमला होता, सभ्य तरुण, जो जरा लांब उभा राहून फोनकडे बघत होता. लेक बापाचा हात सोडत नव्हती. याच विमानतळावर कुठेतरी, येणाऱ्यांच्या बाजूला, तेरा वर्षांपूर्वी तिनं त्याला पाहून गळा काढला होता. आज ती रडत नव्हती. तिनं त्याच्या पिशवीत स्वतःच्या हातानं तिथल्या भाषेतलं एक जाड पुस्तक घातलं होतं. म्हणाली, "बाबा, रोज दोन पानं. फोनवर वाचून दाखवायची." तो म्हणाला, "बघू." मग स्वतःच्याच लक्षात येऊन म्हणाला, "नाही, दाखवीन."

अधिकाऱ्यानं एक फॉर्म आणून दिला. देश सोडणाऱ्या प्रत्येकाला भरावा लागतो तो साधा, एक पानी. सवयीनं तिचा हात पुढे झाला, पर्समधलं काळं पेनही निघालं. त्यानं पेन घेतलं, पण फॉर्म दिला नाही.

"तुझं अक्षर नको यावर," तो म्हणाला. "मी भरतो."

काउंटरच्या कडेला कागद ठेवून तो भरायला लागला. ती शेजारी उभी राहून बघत होती. तेरा वर्षं तिनं त्याचं नाव, जन्मतारीख, पत्ता शेकडो वेळा लिहिलं होतं. आज तो ते लिहीत होता, मोठ्या, वेड्यावाकड्या अक्षरांत, प्रत्येक अक्षर चौकोनाच्या रेघेला लागू नये म्हणून जीभ दातांत धरून. मध्येच थांबून बोट ठेवून वाचायचा, मग लिहायचा. इथला पत्ता लिहिताना इमारतीचा नंबर त्यानं गिरवून ठळक केला.

शेवटून दुसऱ्या चौकोनाशी तो थांबला. त्यानं बोट ठेवून वाचलं, पुन्हा वाचलं, आणि तिच्याकडे पाहिलं. परत येण्याची तारीख, असं तिथं लिहिलं होतं.

"इथं काय लिहू?"

'लागू नाही' असं लिहायचं असतं, हे तिला ठाऊक होतं. आयुष्यभर तिनं तेच केलं होतं. पण ते दोन शब्द तिनं स्वतःच्या तोंडानं सांगायचे आणि त्यानं स्वतःच्या हातानं लिहायचे, हे तिला जमणार नव्हतं.

"राहू द्या रिकामा," ती म्हणाली.

त्याला आश्चर्य वाटलं. "परत आला तर?"

"येऊ दे."

त्यानं खाली सही केली आणि फॉर्म खिडकीतून आत सरकवला. आतल्या बाईंनी तो वरून खालपर्यंत पाहिला. रिकाम्या चौकोनापाशी त्यांची नजर गेली हे तिनं स्पष्ट पाहिलं. क्षणभर तिला आशा वाटली, खुळ्यासारखी. तिला वाटलं की आता त्या म्हणतील, अपूर्ण आहे, पुन्हा भरा, पुन्हा रांगेत लागा. चार महिने जाऊ देत, अकरा महिने जाऊ देत.

बाईंनी शिक्का मारला, फॉर्म खणात टाकला आणि पुढच्या माणसाला बोलावलं.